यंत्राचे हात जळत नाहीत

निबंधाच्या वह्या तपासायला माझ्या घरी एकच जागा आहे, ती म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि दुसरीकडे ऱ्हस्व-दीर्घ. तुमच्यापैकी ज्या घर सांभाळून बाहेरचंही काम करतात, त्यांना हे नव्यानं सांगायला नको. माझी तर नोकरीसुद्धा पुरती नोकरी नाही. तासिका तत्त्वावर आठवड्यातून काही तास आठवीला मराठी शिकवते, एवढंच. पण वह्यांचा गठ्ठा मात्र पूर्णवेळ शिक्षिकेइतकाच येतो!

तर गेल्या माघातली गोष्ट. रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती आणि टीव्हीवर रजनीकांतचा 'रोबो' लागला होता. आमचं सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. गावाला लागून प्राणहिता, थोडं पुढे गोदावरी, आणि पलीकडे तेलंगणा. त्यामुळे इथे घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. मी चंद्रपूरची. लग्न होऊन आले तेव्हा मला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. आता सासूबाईंशी भांडण्यापुरती येते. त्यांना आम्ही सगळे 'अत्तम्मा'च म्हणतो.

हा सिनेमा मी आधी एकदा पाहिलेला होता. शंकर या दिग्दर्शकाचा मूळ तमिळ 'एंदिरन' १ ऑक्टोबर २०१० ला तेलुगूत 'रोबो' आणि हिंदीत 'रोबोट' म्हणून एकाच वेळी आला. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मैत्रिणींच्या घोळक्यात बसून पाहिला, तो हसण्याखिदळण्यात आणि ऐश्वर्या रायचे कपडे पाहण्यातच संपला. यंत्राला काय वाटलं याचा विचार करायला वेळ कुणाला होता?

या खेपेला शेजारी मैत्रिणी नव्हत्या, सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या अत्तम्मा होत्या. आणि त्यांचे प्रश्न!

"ह्याला भूक लागते का?"

"नाही अत्तम्मा, यंत्र आहे ते. विजेवर चालतं."

"मग झोप?"

"नाही."

"मग बरं आहे. सून अशी पाहिजे," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मीही हसले. पण मनात म्हटलं, अत्तम्मा, फार काही वेगळी मिळालेली नाही तुम्हाला!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉ. वसीगरन नावाचा शास्त्रज्ञ स्वतःसारखाच दिसणारा यंत्रमानव तयार करतो. दोन्ही भूमिका रजनीकांतच्याच. यंत्राचं नाव चिट्टी. तेलुगूत चिट्टी म्हणजे लहानगा, लाडका. या चिट्टीला सगळं येतं, फक्त माणसाचं मन कळत नाही. एका आगीतून तो माणसांना उचलून उचलून बाहेर आणतो. त्यांत न्हाणीघरात अडकलेली एक मुलगी असते. अंगावर कपडा नाही आणि हा तिला तशीच लोकांसमोर, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर आणतो. जीव वाचवला ना, मग झालं, असा त्याचा हिशेब. ती पोर लाजेनं धावत सुटते आणि गाडीखाली जाते.

वीस वर्षांची असताना हा प्रसंग मी कसा पाहिला असेन, मला आठवतसुद्धा नाही. या वेळी मात्र अत्तम्मांचे हात सुपातच थांबले. "तिला चादर द्यायला नको होती का कुणी?" त्या म्हणाल्या. बघा, त्यांनी यंत्राला दोष दिला नाही. तिथे इतकी माणसं उभी होती, त्यांतल्या कुणी चादर का दिली नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

मग शास्त्रज्ञ चिट्टीला भावना शिकवतो. नायिकेच्या घरातल्या एका अडलेल्या बाईचं बाळंतपणही तो नीट पार पाडतो. कौतुकानं नायिका त्याच्या गालाचा मुका घेते आणि इथून सगळं बिघडतं. यंत्र प्रेमात पडतं. आता त्याला नुसतं कामाला यायचं नसतं, त्याला कुणाचं तरी व्हायचं असतं. सैन्याच्या अधिकाऱ्यांसमोर शस्त्राबद्दल बोलायचं, तर हा प्रेमाचं काव्य बोलू लागतो. तेव्हा ज्यानं घडवलं तोच कुऱ्हाडीनं त्याचे तुकडे करून त्याला कचऱ्यात टाकतो. पुढचा भाग मारामाऱ्यांचा आहे, तो सोडून देते. शेवटी चिट्टीला मोडून टाकावं असा निकाल होतो आणि तो स्वतःच्याच हातांनी स्वतःचा एकेक भाग उतरवतो. अत्तम्मांनी पदर डोळ्यांना लावला. मी "अत्तम्मा, यंत्र आहे हो ते," म्हणत उठले आणि चहाचं आधण ठेवलं. धुराचं निमित्त सांगायला आता घरात चूलही नाही, नाहीतर माझंही निभावलं असतं!

सोमवारी वर्गावर गेले ती याच धुंदीत. फळ्यावर विषय लिहिला, 'यंत्रमानवाचे मनोगत'. तुम्हीही शाळेत असली मनोगतं लिहिली असतील. फाटक्या पुस्तकाचं, सुकलेल्या नदीचं, म्हाताऱ्या बैलाचं. मी मुद्देही दिले: माझा जन्म, माझी कामे, माझे एकटेपण आणि शेवटी 'मला माणूस व्हायचे आहे'. सिनेमाची गोष्ट सांगितली. इतकंच नाही, तर १९९९ सालच्या 'बायसेंटेनियल मॅन' या इंग्रजी सिनेमाचीही सांगितली. त्यातला यंत्रमानव तर घरकामालाच आणलेला असतो. हळूहळू त्याला आपण माणूस व्हावं असं वाटू लागतं. त्यासाठी तो अमरपणसुद्धा सोडतो, म्हातारा होतो, मरण पत्करतो. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. आपला तास रंगला याचा मला केवढा आनंद!

वह्या आल्या. मजेदार होत्या. एकाचा यंत्रमानव शेळ्या राखत होता. एकाचा गणितं सोडवत होता, पण तीही चुकीची! एकानं लिहिलं होतं, 'मी विजेवर चालतो, पण आमच्या गावात वीज जाते म्हणून मी रोज मरतो आणि रोज जन्मतो.' त्याला मी दहापैकी आठ दिले. आणि मग एका मुलीची वही उघडली. तिचं नाव इथे देत नाही. मागच्या बाकावर बसणारी, कधी हात वर न करणारी. तिनं जेमतेम सहा ओळी लिहिल्या होत्या.

'मला माणूस व्हायचे नाही. माझी मालकीण माणूस आहे. ती मिरची तोडायला जाते. तिचे हात जळतात. रात्री ती हात ओल्या फडक्यात गुंडाळून झोपते. यंत्राचे हात जळत नाहीत. म्हणून तिलाच यंत्र करा.'

मैत्रिणींनो, खरं सांगते. त्या वेळी कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, कढईतलं तेल तापलं होतं आणि मुलगा डबा मागत होता. मी तांबड्या पेनानं दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि खाली शेरा मारला: 'विषय नीट वाच. यंत्राला माणूस व्हायचे आहे, माणसाला यंत्र नव्हे.' दहापैकी चार. आणि फोडणीत मोहरी टाकली.

पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती आईला घेऊन. आई दारातच उभी. मला इथल्या बाया 'पंतुलम्मा' म्हणतात, म्हणजे मास्तरीणबाई. ती म्हणाली, "पंतुलम्मा, हिला दोन महिने सुट्टी पाहिजे. आम्ही मिरचीला चाललो नदीपल्याड. धाकटा पोरगा आहे, त्याला कोण बघंल? हीच रांधंल, हीच बघंल."

मी नेहमीचं सांगू लागले. परीक्षा जवळ आली, वर्ष वाया जाईल वगैरे. ती मुकाट ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "हिनं ते मशीनचं लिहिलं ते चांगलं आहे का? रात्री उशिरापर्यंत लिहीत होती."

मुलगी खाली मान घालून उभी होती. तिला तिचे चार गुण माहीत होते. मी म्हटलं, "हो, चांगलं लिहिलंय." आईच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. मुलीनं मात्र एकदाच वर पाहिलं. त्या नजरेला मी उत्तर देऊ शकले नाही.

बोलता बोलता माझी नजर त्या बाईच्या हातांकडे गेली. हंगाम अजून नीट सुरूही व्हायचा होता, तरी बोटांच्या टोकांची सालं गेल्या सालची असावीत तशी राठ झाली होती. मला आपली गृहिणीची अक्कल! मी तिला सांगायला गेले की, मिरचीतला आग करणारा जो पदार्थ असतो, कॅप्सेसिन, तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून हात नुसते पाण्यानं धुऊ नयेत, आधी गोडं तेल चोळावं, मग साबण लावावा. लोणच्याच्या मिरच्या चिरल्यावर आपण तसंच करतो की नाही?

ती हसली. "माहीत आहे, पंतुलम्मा. पण भाजीला तेल नाही पुरत, हाताला कुठून लावू?"

मिरचीच्या दिवसांत आमच्या भागातून, पलीकडच्या छत्तीसगडातूनही, टोळ्याच्या टोळ्या तेलंगणात तोडणीला जातात. मजुरी बऱ्याच ठिकाणी किलोवर ठरते, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. बायका जातात आणि त्यांच्या मागं मुली जातात. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, अशाच मिरचीच्या शेतांतून छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातल्या आपल्या गावाकडे पायी निघालेली बारा वर्षांची एक मुलगी घराजवळ येऊन वाटेतच गेली. वर्तमानपत्रांत सगळीकडे आलं होतं. तेव्हा वाचून मी हळहळले होते. ही मुलगी तेरा वर्षांची आहे आणि माझ्या वर्गात बसते, एवढाच काय तो फरक.

त्या रात्री अत्तम्मांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी आई नदीपल्याडची. ती वेट्टीच्या गोष्टी सांगायची."

निजामाच्या राज्यात तेलंगणात देशमुख-दोरांच्या घरी गोरगरिबांना फुकट राबावं लागे, तिला वेट्टी म्हणत. १९४६ ते १९५१ या काळात तिथे शेतकऱ्यांचा जो मोठा लढा झाला, त्याच्या अनेक कारणांपैकी वेट्टी हे एक होतं. आपण मराठीत जिला वेठ म्हणतो, तीच ती. 'वेठीला धरलं' असं आपण सहज म्हणून जातो, पण ती एकेकाळी खरोखरची होती.

आणि गंमत बघा. 'रोबोट' हा शब्द आला कुठून, तर कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० मध्ये लिहिलेल्या 'आर.यू.आर.' या नाटकातून. पुढच्याच वर्षी ते प्रागला रंगभूमीवर आलं. हा शब्द त्याला भावानं, योसेफनं, सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळांनी जमीनदारासाठी करायची सक्तीची मेहनत. म्हणजे वेठच की! शंभर वर्षांपूर्वी त्या लेखकानं यंत्राला नाव दिलं, ते लोखंडावरून किंवा विजेवरून दिलं नाही. वेठीला धरलेल्या माणसावरून दिलं. आपल्याला वाटतं, आधी यंत्र आलं आणि मग त्याला माणूस व्हावंसं वाटलं. पण त्या शब्दाच्या पोटात आधीपासून माणूसच बसलेला आहे.

हे कळल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून पुन्हा ती वही उघडली. माझ्या पोरीनं, हो, आता मी तिला माझी पोर म्हणते, विषय सोडला नव्हता. विषय तिला माझ्यापेक्षा जास्त कळला होता. सगळे गोष्टी लिहिणारे एक गृहीत धरून चालतात की यंत्राला आपला हेवा वाटणारच. माणूस होण्यासाठी ते तडफडणारच, मरणसुद्धा पत्करणार. मीही फळ्यावर तसंच लिहिलं होतं. पण ज्या माणसाच्या हातांची आग रात्रीही होते, त्याचा हेवा कुठलं यंत्र करील? यंत्राला माणूस व्हावंसं वाटतं की नाही हे मला ठाऊक नाही. पण एखाद्या मुलीला आपली आई यंत्र व्हावी असं वाटावं, एवढी वेळ आपण माणसांनीच आणली आहे.

आणि आपल्याच घरात तरी काय? मागे आमच्याकडे पाहुणे आले असताना माझा मुलगा कौतुकानं म्हणाला होता, "आमची आई मशीन आहे, कधी थकत नाही." सगळे हसले. आमचे हेही हसले. आणि मी? मी खूष झाले हो! दोन दिवस कंबर दुखत होती, तरी कुणाला बोलले नाही, मशीनचं नाव खराब होऊ नये म्हणून. आपणच हे बिरुद मिरवतो आणि मग कुणी 'दमलीस का' म्हणून विचारत नाही अशी तक्रारही आपणच करतो.

असो. हात चोळत बसून काही होणार नव्हतं. अत्तम्मा आणि मी दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी गेलो. अत्तम्मांची तेलुगू माझ्यापेक्षा खणखणीत! शेवटी असं ठरलं की, धाकट्याला आईनं बरोबर न्यावं, टोळीतली एक म्हातारी त्याला सांभाळील. मुलीनं इथेच तिच्या चिन्नम्माकडे, म्हणजे मावशीकडे राहावं आणि संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला यावं. आई जाताना मी एक गोडं तेलाची बाटली तिच्या पिशवीत घातली. ती नको नको म्हणाली नाही. घेतली आणि पदराखाली धरली.

इथे गोष्ट संपवली असती तर मला फार चांगलं वाटलं असतं. तुमच्याकडून थोडी शाबासकीही मिळाली असती. पण खरं लिहायचं ठरवलं आहे.

मुलगी येऊ लागली. पहिल्या दिवशी अवघडून दारातच बसली. दुसऱ्या दिवशी अत्तम्मांनी तिला ताटावर बसवलं. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले ती दमून, घरात पसारा, पाहुणे यायचे होते. मुलगी कोपऱ्यात वाचत बसली होती. आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "अगं, एवढं जरा झाडून घेतेस का? आणि ती चार भांडी पण विसळून टाक."

ती लगेच उठली. पुस्तक मिटलं, केरसुणी घेतली आणि वाकली. 'नाही' कसं म्हणायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माझा मुलगा शेजारीच मोबाईल बघत पसरला होता. त्याला मी सांगितलं नव्हतं. तिलाच सांगितलं होतं.

केरसुणीचा आवाज दोन-तीनदा आला असेल नसेल, माझ्या अंगावर काटा आला. आठवड्याभरापूर्वी वेठीचा अर्थ कळला म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी बाई ती मीच ना? मिरचीच्या शेतातून सोडवून आणली ती काय माझ्या घरची भांडी घासायला? मी तिच्या हातातली केरसुणी घेतली आणि मुलाच्या हातात दिली. तो म्हणाला, "मी?" मी म्हटलं, "हो, तूच. आमच्या घरातली मशीन आजपासून बंद आहे." आमचे हे वर्तमानपत्राआडून बघत होते. त्यांनी न सांगता पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. सोळाएक वर्षांच्या संसारातला हा पहिला तांब्या, म्हणून मुद्दाम नोंद करते!

त्या मुलीला 'रोबो'चा शेवट पाहायचा होता. ह्यांच्या मोबाईलवर तिला तो दाखवला. शेवटी २०३० साल दाखवलं आहे. मोडलेला चिट्टी एका संग्रहालयात ठेवलेला असतो. शाळेची मुलं पाहायला येतात. त्यांच्यापैकी एकीच्या मनात येतं, एवढं हुशार यंत्र मोडलं कशाला? तेव्हा ते मोडकं डोकंच उत्तर देतं की, मी विचार करू लागलो होतो म्हणून.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "मॅडम, मीपण विचार करूनच लिहिलं होतं. म्हणून चार दिले का?"

मैत्रिणींनो, शिक्षक म्हणून मला आजवर कुणी इतका अचूक प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "मी विचार न करता तपासलं, म्हणून चार दिले." अत्तम्मा सुपातून मान न उचलता म्हणाल्या, "बरं झालं, मास्तरीण तरी मोडकी नाही निघाली."

चाराचे मी नऊ केले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला, तेवढा शिक्षिकेचा मान ठेवला. माझा तो तांबडा शेरा मात्र खोडलेला नाही, तसाच ठेवला आहे. पुढच्या वेळी ओट्यावर वह्या तपासताना तो मला उपयोगी पडेल.

उगादीच्या आधी तिची आई परत आली. मुलगी परीक्षेला बसली होती. बाई आमच्या दारात उभी राहिली आणि पदराखालून तीच तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली. रिकामी होती. ती म्हणाली, "पंतुलम्मा, सगळ्या बायांनी लावलं."